जे उसवता येतं, तेच वाकळीवर शिवावं



ठिगळ म्हटलं की आपण ते पदराखाली झाकतो. त्याच ठिगळाला ॲप्लिक म्हटलं की प्रदर्शनात चांगले पैसे मोजून उशीचे अभ्रे घरी आणतो. दोन्हीकडे काम एकच. कापडावर कापडाचा तुकडा ठेवायचा आणि तो शिवायचा. एक भोक झाकायला लावतात, दुसरं शोभेला, एवढाच काय तो फरक. आज लिहायला बसले आहे ती याच कामातल्या एका नव्या पद्धतीबद्दल. मे महिन्यापासून मी ती करते आहे. तिच्यावर चार दुपटी आणि एक मोठी वाकळ पुरी झाली आहे, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे.

मत आधीच सांगून टाकते. वाकळ, दुपटं, रोज अंगाखाली किंवा अंगावर जाणारं कोणतंही पांघरूण असो, त्यावर जे लावाल ते सुईदोऱ्यानेच लावा. हल्ली इस्त्रीने चिकटवायचा जो गोंदाचा कागद मिळतो, तो तिथे नको. भिंतीवर लावा, पिशवीवर लावा, माझी ना नाही. पण वाकळीवर नको. का, ते सविस्तर सांगते.

हे काम परदेशातून आलेलं नवलाचं काम आहे असं आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, कारण नाव इंग्रजी आहे. काम मात्र आपल्याच मातीतलं आहे. ओडिशात पुरी जिल्ह्यात पिपिली नावाचं गाव आहे. रथयात्रेत तिन्ही रथांवर जी कापडी छत्रं दिसतात, जगन्नाथाचं लाल-पिवळं, बलभद्राचं लाल-हिरवं आणि सुभद्रेचं लाल-काळं, ते काम या कारागिरांचं. सौराष्ट्र-कच्छात याला कटाब म्हणतात, बिहारात खटवा. आपल्या मंदिरात वेदीवर बांधायचा चांदवासुद्धा कधी कधी असाच, कापडावर कापड शिवून केलेला असतो. माझं माहेर बेळगावकडचं. तिथे गोधडीला कौदी म्हणतात, इकडे सांगली-कोल्हापूरकडे वाकळ. माहेरच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून, एकेक तुकडा दुमडून धावदोऱ्याने जोडत त्या मध्यापर्यंत येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात. त्याला त्या ‘फुला’ म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली असं त्यांच्यात मानतात. तेव्हा नवं काय आहे, तर फक्त कड दुमडण्याची युक्ती. तेवढी शिकली की पुरे.

या युक्तीला इंग्रजीत बॅक बेस्टिंग म्हणतात. मी तिला ‘मागून कच्चा टाका’ म्हणते. साचा नको, पुठ्ठा नको, गोंद नको, सुलट्या बाजूवर खडूची किंवा पेनची खूणही नको. लागतं ते एवढंच: एक जाड सुई, एक बारीक सुई, दोन प्रकारचे दोरे, पेन्सिल आणि धार असलेली कात्री.

आता करायचं कसं ते ऐका. ज्या कापडावर नक्षी हवी ते पायाचं कापड. त्याच्या उलट्या बाजूवर पेन्सिलीने नक्षी काढायची. मागून काढलेली नक्षी पुढे उलटी दिसते हे ध्यानात ठेवायचं. मागे डावीकडे वळलेली कोयरी पुढे उजवीकडे वळते. मग कापड सुलटं करून, नक्षीच्या जागेवर, सगळ्या बाजूंनी बोटभर मोठा असा रंगीत तुकडा सुलटा ठेवायचा. खिडकीसमोर उजेडात धरलं की रेषा मागून दिसते आणि तुकडा बरोबर बसला की नाही ते कळतं. दोन टाचण्या लावायच्या. आता कापड पुन्हा उलटं करायचं आणि पेन्सिलीच्या रेषेवरून जाड सुईने, जाड दोऱ्याने बारीक धावदोरा घालायचा. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, म्हणजे नंतर काढताना शोधावा लागत नाही. हा झाला कच्चा टाका. शक्य असेल तर एक रात्र तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सुलट्या बाजूवर धावदोऱ्याने आकार उमटलेला दिसतो. त्याच्या बाहेर ५ मिलिमीटर माया सोडून जादा कापड कापायचं. ही शिंप्याची माया बरं का, क्रोध-मान-माया-लोभातली नव्हे! पण तिचाही स्वभाव तोच. जास्त ठेवली की आत गोळा होते आणि कड फुगते, फार कमी ठेवली की कड सुटते. कापताना डाव्या हाताची बोटं दोन कापडांच्या मध्ये ठेवा, म्हणजे कात्री खालच्या कापडाला लागत नाही.

यानंतर खरी गंमत आहे. जिथे सरळ किंवा सौम्य वळण असेल तिथून सुरुवात करायची. कच्च्या दोऱ्याचे दोन-तीनच टाके काढायचे. जाड सुईने कापडात बारीक भोकांची रांग पडलेली असते, त्यामुळे कापड नेमकं त्याच रेषेवर दुमडायला तयार असतं. बारीक सुईच्या टोकाने माया आत सारायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि टाका घालायचा. सुई दुमडीच्या अगदी कडेतून वर काढायची आणि लगेच शेजारी खालच्या कापडात उतरवायची. दोरा वरच्या तुकड्याच्या रंगाचा हवा, पायाच्या कापडाच्या रंगाचा नको. टाका दिसत नाही तो एवढ्यानेच. मग पुढचे दोन-तीन कच्चे टाके काढायचे, माया सारायची, शिवायचं. एकदम सगळा कच्चा दोरा ओढून काढायचा नाही. जेवढं शिवता येईल तेवढंच सोडायचं.

आतल्या बाजूला वळण असेल, म्हणजे पिंपळपानाच्या देठाजवळ असतं तसं, तर मायेला कात्रीने छोट्या चिरा द्याव्या लागतात. रेषेच्या दोन-तीन धागे अलीकडे थांबायचं. बाहेरच्या वळणाला चिरा देऊ नका, तिथे कड पैलूदार दिसायला लागते. पानाच्या टोकाशी आलात की टोकापर्यंत शिवा, तिथे एक टाका जास्तीचा घाला, आत दडलेली माया थोडी छाटा आणि मग दुसऱ्या बाजूची माया सुईने आत घ्या. वेलाचे देठ करायचे तर कापडाची पट्टी तिरकी कापा. उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी वळत नाही, तिरकी कापलेली हवी तशी वळते.

कापड सुती आणि हलकंच हवं. मलमल, वॉयल, केंब्रिक, पातळ पॉपलिन चालतं. जॉर्जेट आणि पॉलिएस्टर निसरडं असतं, त्याची घडी टिकत नाही. कोरं कापड घेतलंत तर आधी धुऊन घ्या, म्हणजे ते नंतर आटून तुकडा गोळा होत नाही. लाल आणि गडद निळं कापड वेगळं भिजवून रंग जातो का ते बघा. पण माझा सल्ला विचाराल तर कोरं कापड घेऊच नका. घरातल्या ट्रंकेत जुन्या सुती साड्या असतात, धोतरं असतात, मुलांचे लहान झालेले झबले-कुडते असतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड या कामाला कोऱ्यापेक्षा चांगलं, कारण ते सुईच्या टोकाने सहज दुमडतं. गोधडीकामासाठी म्हणून मुद्दाम कापलेल्या कोऱ्या कापडांच्या रंगीत गड्ड्या विकायला असतात. दिसतात फार सुंदर. पण घरात कापडाचे गठ्ठे पडून असताना कापड शिवण्यासाठी कापड विकत आणायचं, याला परिग्रह नाही तर काय म्हणायचं? दशलक्षणात आपण आकिंचन्याचा दिवस पाळतो, आणि शिवणाचं कपाट मात्र भरतच राहतो.

आता इस्त्रीच्या कागदाबद्दल. कागदावर उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाची पातळ जाळी असते. रंगीत कापडाच्या मागे ती इस्त्रीने चिकटवायची, आकार कापायचा, कागद सोलायचा, पायाच्या कापडावर ठेवून पुन्हा इस्त्री फिरवायची. दहा मिनिटांत फूल तयार. कड दुमडावी लागत नाही, म्हणून कापलेली कड उघडीच राहते. तिच्यावर मशीनची नागमोडी शिलाई किंवा हाताने काजाचा टाका घालायचा. मी एकाच जुन्या वॉयल साडीतून दोन चौकोन कापले. एकावर कागदाने पान लावून कडेने काजाचा टाका घातला, दुसऱ्यावर मागून कच्च्या टाक्याने. दोन्ही महिनाभर रोजच्या कपड्यांबरोबर धुतले आणि उन्हात वाळवले.

निकाल असा. कागदाचं पान निघून आलं नाही, हे खरं. पण त्याच्या कडेला टाक्यांमधून दोरे सुटून पिसं आली. पानाच्या जागी कापड पुठ्ठ्यासारखं ताठच राहिलं, शेजारची वॉयल मात्र आणखी मऊ झाली. दोन अस्तरं घालून वरून धावदोरा घालायला गेले तर गोंदाच्या जागी सुई अडते. अंगुस्तान घालूनही बोट दुखलं. हाताने लावलेलं पान आजूबाजूच्या कापडाइतकंच मऊ आहे, आणि त्याची कड आत असल्यामुळे एकही दोरा सुटलेला नाही. मग मी दोन्ही पानं काढून बघायचं ठरवलं. हाताचं पान ब्लेडच्या टोकाने टाके कापून दोन मिनिटांत सुटलं. खालची वॉयल जशीच्या तशी. कागदाचं पान ओढलं तेव्हा खालची वॉयल फाटली, आणि फाटली नाही तिथे गोंदाचा थर तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, लावलेलं पान काढायचंच कशाला? तर वाकळ काय असते ते जरा आठवा. गेल्या वर्षी आमच्या सासूबाईंची वाकळ मी उसवायला घेतली. वरची पोपटी साडी जागोजागी विरली होती. ती काढली तर आत त्यांचं इरकली लुगडं निघालं, त्याच्या खाली सासऱ्यांचं धोतर, आणि त्याच्याही खाली एक पातळ झालेली अख्खी वाकळ, तिच्या स्वतःच्या धावदोऱ्यासकट. ती सासूबाईंच्या सासूबाईंची. सासूबाईंचा टाका बारीक आणि सरळ, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसा. आतल्या वाकळीचा टाका लांब, दोऱ्याचे रंग मध्येच बदललेले, म्हणजे जो दोरा हाताशी असेल तो त्या ओवत असणार. एका पांघरुणात दोन बायकांचं काम, आणि तिसरी मी. हे कशामुळे शक्य झालं? प्रत्येकीने पुढचीला उसवता येईल असं शिवलं म्हणून. वाकळ फेकायची नसते. तिचं वरचं कापड विरलं की ते काढायचं किंवा त्यावर नवं चढवायचं. जुनी वाकळ नवीच्या पोटात जाते. गोंद लावलेली वाकळ कुणाच्या पोटात जाणार? सुई तिच्यातून जात नाही आणि ती सुटीही होत नाही. म्हणजे ती आपल्यापाशीच संपली. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला फार मोठा वाटतो. आपल्या सोयीसाठी पुढचीची वाट आपण बंद करायची का?

तीच वाकळ मी पुन्हा शिवली. नव्या वरच्या कापडावर, थर रचायच्या आधीच, मागून कच्च्या टाक्याने वेल घातली. एक गोष्ट इथे सांगायला हवी. ही पद्धत सुट्या कापडावरच चालते. शिवून तयार झालेल्या वाकळीवर भोक झाकायचं असेल तर मागून जाता येत नाही, कारण मागे थर असतात. तिथे तुकडा वरूनच कच्च्या टाक्याने मध्यावर टाचायचा आणि कड सुईच्या टोकाने आत सारत सारत शिवायचं. भोकाच्या कडेचं विरलेलं कापड सोडून, पक्क्या कापडावर टाका पडेल एवढा तुकडा मोठा घ्यायचा. आतल्या जुन्या वाकळीवर मी अशी सात पानं लावली. सातही ठिकाणी खाली भोकं आहेत. आता ती नवीच्या पोटात आहेत, कुणाला दिसणार नाहीत. दिसली असती तरी लपवली नसती.

आपल्या घरांत आणखी काही गोष्टींचा विचार करावा लागतो, तोही मांडते.

काही जणी तुकडा धरून ठेवायला मैद्याची किंवा तांदळाची खळ लावतात. ती जुनी रीत आहे आणि धुतल्यावर निघून जाते. पण न धुता ठेवलेल्या कापडाला, तेही पावसाळ्यात, कसर लागते, कारण कसरीला खळ आवडते. मग एक तर कापड जातं, नाहीतर त्या जीवांना मारायची वेळ येते. चातुर्मासात आपण भाजी निवडताना जो विवेक ठेवतो, तो सुईच्या डब्यातही ठेवावा. दोऱ्याने काम भागत असताना खळीची गरज नाही.

दुसरं रेशीम. ज्यांच्या घरी रेशमाचा त्याग आहे त्यांनी जुनं कापड वापरताना जरा तपासून घ्यावं. इरकली साडीचं अंग सुती असलं तरी पदर पुष्कळदा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, खणातही रेशीम असू शकतं. एक धागा काढून जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळाल्यासारखा आला तर सूत. सासूबाईंच्या लुगड्याचा पदर मी वेगळा काढून ठेवला, अंग वापरलं.

तिसरं नक्षीचं. ॲप्लिक आलं की चित्रं काढावीशी वाटतात. मला स्वस्तिक, कलश, अष्टमंगलातली चिन्हं वाकळीवर घालणं पटत नाही. वाकळीवर आपण झोपतो, पाय लागतात, बाळ ती ओली करतं. ती चिन्हं शास्त्राच्या वेष्टनावर, चांदव्यावर, तोरणावर शोभतात. पोपट-मोर कापावेत का, हाही प्रश्न मला दोघी-तिघींनी विचारला. यशोधर राजाची गोष्ट आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकली आहे. त्याने आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा बळी दिला आणि मारण्याच्या त्या भावामुळे दोघांना किती जन्म फिरावं लागलं. माझी समजूत अशी की तिथे भाव मारण्याचा होता, इथे घडवण्याचा आहे, म्हणून कापडाचा पोपट कापण्यात दोष नाही. पण मन कचरत असेल तर पोपटाचा आग्रह कशाला? पानं, वेली, कोयऱ्या, कमळं काय कमी आहेत? मी स्वतः पानांवरच थांबले आहे. पानात चुकायला फार जागा नसते आणि बघायला ती कधी कंटाळवाणी होत नाहीत.

आता सगळ्यात मोठा प्रश्न: एवढा वेळ कुणाकडे आहे? नोकरीला जाणाऱ्या सुनेला, दोन मुलांच्या डब्याच्या मागे असणाऱ्या मुलीला हे कसं जमणार? प्रश्न खरा आहे. एका साध्या पानाला मला कच्च्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत पाऊण तास लागतो, पिंपळपानाला दीड. कागदाने तेच दहा मिनिटांत होतं. शिवाय साठीच्या पुढच्या मैत्रिणींचे डोळे थकलेले असतात, बोटं आखडलेली असतात.

माझं उत्तर असं की पानं कमी करा, पद्धत बदलू नका. वाकळ म्हणजे चित्रांचं प्रदर्शन नव्हे. पूर्ण दुपट्यावर एका कोपऱ्यात एक पान, बाकी सगळा साधा धावदोरा, असं दुपटं भरगच्च दुपट्यापेक्षा सुंदर दिसतं, आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही. आमच्या महिला मंडळाने या चातुर्मासात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी २१ दुपटी शिवायचं ठरवलं आहे. प्रत्येकावर पाच-पाच फुलं हवीत, आणि वेळेत व्हायची तर कागदानेच करू, असा एक विचार पुढे आला. मांडणाऱ्या मैत्रिणीचा हेतू चांगलाच आहे. मी विरोध केला आणि अजूनही करते. ते दुपटं दिवसातून दोनदा ओलं होणार, कढत पाण्यात धुतलं जाणार, दगडावर आपटलं जाणार. गरम पाणी आणि घासणं यांनी गोंद सैल होत जातो. ज्या माउलीला ते मिळेल तिच्याकडे दुसरं ठेवणीतलं दुपटं असेलच असं नाही. दान द्यायचं ते आपल्या नातवाला घालू तसं द्यावं. म्हणून माझं म्हणणं, २१ दुपटी करूच, पण सगळी साधी, मऊ, तीन थरांची, आणि ज्यांना जमेल त्यांनी एकेक पान घालावं. पान नसलेलं दुपटं काही कमी उबदार नसतं. बटणं, टिकल्या, काचा मात्र कशावरही नकोत, बाळ ते तोंडात घालतं.

कामही वाटून घेता येतं. या पद्धतीचा फायदा हा की तिचे तुकडे पडतात. एकीने नक्षी काढावी, दुसरीने कच्चा टाका घालावा, तिसरीने शिवावं. कच्चा टाका जाड सुईचा असतो, तो थकलेल्या डोळ्यांनाही दिसतो. आमच्या शेजारच्या आक्का सत्तरीच्या आहेत. बारीक सुईचं काम त्यांना होत नाही, पण मंडळातले सगळे कच्चे टाके त्याच घालतात, आणि पाठशाळेतल्या पोरी त्यांना सुया ओवून देतात. सकाळी दहा सुया ओवून सुईदाणीत टोचून ठेवल्या की दुपारपर्यंत काम अडत नाही. इस्त्रीपाशी असं चौघींना बसता येत नाही. तिथे एकच जण उभी असते.

आणि ज्या मैत्रिणी गावातल्या बायकांकडून मजुरीवर वाकळा शिवून घेतात, त्यांना एक विनंती. इंटरनेटवरचं चित्र दाखवून ‘अशी पानं घालून दे’ म्हणताना साध्या वाकळीची मजुरी ठरवू नका. वीस पानांना माझ्या हाताने पंधरा तास लागतात, तिच्या हाताने दहा लागत असतील. ते दहा तास मोजून द्या. नाहीतर तीही बिचारी कागदाकडे वळेल, आणि तिला बोल लावायचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

शिकायला सुरुवात करायची असेल तर गोल घेऊ नका, गोल दिसतो सोपा पण असतो अवघड. लांबट, दोन टोकांचं पान घ्या, चार-साडेचार इंचांचं. गडद पायावर फिकट पान घेऊ नका, मागचा रंग मायेतून डोकावतो. फिकट पायावर गडद पान घ्या. दुपारच्या उजेडात, मांडीवर उशी ठेवून बसा, म्हणजे मान अवघडत नाही. पहिलं पान झालं की महिनाभर रोजच्या धुण्यात टाका आणि मग ठरवा. आवडलं नाही तर टाके कापा आणि उसवा. दोन्ही कापडं तुम्हाला परत मिळतील, आणि दुसऱ्या पानाला उपयोगी पडतील.